विश्लेषण : जॅझ शिक्षिकेच्या जुन्या पेट्या विद्यापीठाने का जपल्या?

अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात न्यूअर्क हे शहर आहे. तेथे रटगर्स विद्यापीठाच्या जॅझ अभ्यास संस्थेत मेरी लू विल्यम्स यांचा संग्रह ठेवला आहे. हाताने लिहिलेल्या स्वरलिपी, पत्रे, छायाचित्रे, व्यवहाराचे कागद आणि ध्वनिमुद्रणे असे त्याचे स्वरूप आहे. विल्यम्स यांची गाणी आज मोबाइलवर सहज ऐकता येतात. मग पिवळे पडलेले कागद आणि जुन्या टेप सांभाळण्यावर खर्च कशासाठी? कारण गाणे ऐकून ते कोणी वाजवले हे कळते. ते कोणी बांधले, हे अनेकदा कागदावरूनच कळते.

मेरी लू विल्यम्स कोण होत्या?

विल्यम्स यांचा जन्म १९१० मध्ये अटलांटा येथे झाला आणि बालपण पिट्सबर्गमध्ये गेले. पियानो त्या ऐकून ऐकून शिकल्या. कॅन्सस सिटीतील अँडी कर्क यांच्या वाद्यवृंदाची १९२९ ते १९४२ या काळातील ओळख बऱ्याच अंशी त्यांच्या पियानोवर आणि त्यांनी केलेल्या संगीत संयोजनावर उभी होती. सुरुवातीला त्यांना स्वरलिपी लिहिता येत नव्हती. त्या सुचेल ते वाजवून दाखवत आणि कर्क ते उतरवून घेत. पुढे त्या स्वतः लिहायला शिकल्या. बेनी गुडमन आणि ड्यूक एलिंग्टन या नामवंतांच्या वाद्यवृंदांसाठीही त्यांनी संयोजन केले.

१९४० च्या दशकात न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील त्यांचे घर म्हणजे जणू संगीताची शाळाच होती. थेलोनियस मंक, बड पॉवेल, डिझी गिलेस्पी असे त्या वेळचे तरुण वादक तेथे जमत, नव्या कल्पना वाजवून पाहत आणि विल्यम्स यांचा सल्ला घेत. १९५४ मध्ये पॅरिसमध्ये असताना त्यांनी अचानक वादन थांबवले. पुढे कॅथलिक पंथ स्वीकारला, अडचणीत सापडलेल्या संगीतकारांना मदत केली आणि १९५७ मध्ये त्या पुन्हा मंचावर आल्या. १९७७ पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे १९८१ पर्यंत, त्यांनी नॉर्थ कॅरोलिनातील ड्यूक विद्यापीठात जॅझ शिकवले.

लेबलवरचे नाव पुरेसे का नाही?

जुन्या रेकॉर्डवर ठळक अक्षरांत वाद्यवृंदप्रमुखाचे नाव असे. संयोजक, म्हणजे कोणत्या वाद्याने कुठे, कोणते स्वर आणि किती वेळ वाजवायचे हे ठरवणारी व्यक्ती, मागे राहत असे. ऐकणाऱ्याला ते सगळे प्रमुखाचेच काम वाटे. १९३७ मध्ये गुडमन यांच्या वाद्यवृंदाने गाजवलेले ‘रोल एम’ विल्यम्स यांनी लिहिले होते, हे किती श्रोत्यांना ठाऊक असेल?

अशा वेळी हस्तलिखित हाच पुरावा ठरतो. अक्षर कोणाचे, खाडाखोड कुठे झाली, एखादा भाग कधी बदलला, हे त्यावर दिसते. करार आणि पत्रे जोडीला असली, तर कामाचा मोबदला आणि हक्क कोणाला मिळाले याचाही माग काढता येतो. पुरुषांचे वर्चस्व असलेल्या क्षेत्रात काम करणाऱ्या कृष्णवर्णीय स्त्रीच्या बाबतीत हा पुरावा अधिकच मोलाचा आहे. ‘पियानो वाजवणारी बाई’ एवढ्यावरच तिची ओळख थांबण्याचा धोका कायम होता.

कागदावरून संगीत पुन्हा उभे राहते का?

‘झोडिअॅक सूट’ हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. बारा राशींवरच्या बारा रचनांची ही मालिका. प्रत्येक रचना विल्यम्स यांनी ओळखीच्या किंवा आवडत्या कलावंतांना डोळ्यांसमोर ठेवून केली. १९४५ मध्ये त्यांनी ती आधी मोजक्या वाद्यांसह ध्वनिमुद्रित केली. त्याच वर्षाच्या अखेरीस न्यूयॉर्कच्या टाऊन हॉलमध्ये ती छोट्या ऑर्केस्ट्रासह सादर झाली. त्या प्रयोगाला सरावाचा वेळ पुरेसा मिळाला नव्हता. त्याचे ध्वनिमुद्रण अल्बमच्या रूपात आले ते थेट १९९१ मध्ये, विल्यम्स यांच्या निधनानंतर दहा वर्षांनी.

केवळ त्या ध्वनिमुद्रणावर विसंबले असते, तर सरावाअभावी झालेल्या चुका मूळ रचनेच्याच मानल्या गेल्या असत्या. स्वरलिपी हाती असल्याने रचनाकाराच्या मनात काय होते ते तपासता येते. २०२३ मध्ये पियानोवादक आरन डील आणि ‘द नाइट्स’ या ऑर्केस्ट्राने ही रचना नव्याने ध्वनिमुद्रित केली.

उलट बाजूही आहे. जॅझमध्ये वादक आयत्या वेळी सुचेल तसे वाजवतो आणि तो भाग कागदावर नसतो. तो टेपवरच सापडतो. शिकवण्याचेही तसेच. विल्यम्स विद्यार्थ्यांना जॅझचा इतिहास एका झाडाच्या चित्रातून समजावत. त्या झाडाच्या मुळाशी गुलामगिरीतले दुःख होते, तर खोडावर भक्तिगीते, रॅगटाइम, स्विंग आणि बॉप असे टप्पे. चित्र छापता येते, पण पियानोवर बसून तो फरक त्या कशा उलगडत, हे ऐकल्याशिवाय कळत नाही. म्हणून कागद आणि टेप एकत्र ठेवावे लागतात.

टेप खराब का होतात?

चुंबकीय टेप म्हणजे प्लॅस्टिकची पट्टी. तिच्यावर चुंबकीय कण एका चिकट थराने बसवलेले असतात. विशेषतः १९७० आणि १९८० च्या दशकांतील अनेक टेपचा हा थर हवेतील दमट वाफ शोषतो. अशी टेप लावली की ती यंत्राला चिकटते आणि आवाज साठवलेले कणच खरवडले जातात. त्यावर उपाय म्हणून तज्ज्ञ टेप सुमारे ५० अंश सेल्सिअसला कित्येक तास ‘भाजतात’. त्यानंतर ती थोडा काळ वाजवण्याजोगी होते आणि तेवढ्यात तिची डिजिटल प्रत करून घ्यावी लागते. त्याआधीच्या काळातील अॅसिटेटच्या टेप ठिसूळ होतात आणि त्यांना व्हिनेगरसारखा वास येऊ लागतो.

डिजिटल प्रत करण्याला झटपट मार्ग नाही. तासाभराच्या टेपला किमान तासभर लागतोच. जतनासाठी सहसा ९६ किलोहर्ट्झ आणि २४ बिट ही गुणवत्ता वापरतात. त्या हिशेबाने एका तासाचे स्टीरिओ ध्वनिमुद्रण सुमारे दोन जीबी जागा घेते. शिवाय प्रत झाली म्हणून मूळ टेप फेकून देत नाहीत. फाइलही बिघडू शकते, हार्ड डिस्कही बंद पडू शकते.

मुंबईशी या विषयाचा काय संबंध?

जॅझ मुंबईतही रुजले होते. १९३० च्या दशकात अमेरिकी पियानोवादक टेडी वेदरफर्ड ताजमहाल हॉटेलात वाजवत. गोव्याहून आलेल्या वादकांनी हे संगीत आत्मसात केले आणि ते हिंदी सिनेमात नेले. सी. रामचंद्र यांच्या ‘अलबेला’ (१९५१) मधील ब्रास वाद्यांच्या उसळीमागे चिक चॉकलेट हे ट्रम्पेटवादक होते. सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड यांच्यासारख्या संयोजकांनी अनेक गाण्यांचे वाद्यमेळ लिहिले. अँथनी गोन्साल्विस यांनी प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकवले.

पडद्यावर नाव मात्र बहुतेक वेळा संगीतकाराचेच झळकले. लेबलवर कर्क आणि कागदावर विल्यम्स, हीच गोष्ट मुंबईतही घडली. ग्रेगरी बूथ यांना २००८ मधील आपल्या पुस्तकासाठी या वादकांचे काम समजून घ्यायला त्यांच्या मुलाखतींचा मोठा आधार घ्यावा लागला. सांगणारी माणसे हयात असेपर्यंतच हा आधार टिकतो.

घरात जुन्या टेप आणि वह्या असतील तर?

कुतूहलापोटी टेप लगेच लावून पाहू नका. चिकटपणा किंवा आंबूस वास जाणवला, तर ती आधी जाणकाराला दाखवा. टेप थंड, कोरड्या जागी, उभ्या ठेवा. स्पीकर आणि चुंबकापासून दूर ठेवा. कागदांच्या पिना आणि रबरबँड काढा, पण त्यांचा मूळ क्रम बदलू नका. कोणता कागद कशासोबत ठेवला होता, हीदेखील माहितीच असते. वेष्टनावर कोण वाजवते आहे, कुठे आणि कधी, हे पेन्सिलीने लिहा. घरातील ज्येष्ठांना विचारून ही नावे आजच लिहून घ्या. डिजिटल प्रत पुढच्या वर्षीही करता येईल, पण आवाज ओळखणारे माणूस तेव्हा असेलच असे नाही.