इंग्रजीत उभे राहून बोलायचे आहे? मोबाईल हाताशी आहेच

दहावीला बरे गुण मिळवून डिप्लोमाला, डिग्रीला गेलेली आपली मुले-मुली एका ठिकाणी हमखास अडतात. लेखी पेपरात नव्हे, वर्गापुढे उभे राहून इंग्रजीत सेमिनार द्यायची वेळ येते तेव्हा. विषय येत असतो, रात्र जागून तयारी केलेली असते, आणि दुसऱ्याच वाक्याला घसा कोरडा पडतो. मुलाखतीत 'स्वतःविषयी सांगा' एवढ्या प्रश्नावर चांगली हुशार मुलगी खाली पाहू लागते. घरात इंग्रजी बोलणारे नाही, शेजारी नाही; सराव करायचा तरी कुणापुढे? क्लासची फी वडिलांच्या पगारात बसत नाही. म्हणून घरात जो एक मोबाईल आहे त्याच्याकडून हे काम कसे करून घेता येईल, हे आम्ही येथे सांगणार आहोत.

तोंडी परीक्षेकडे दुय्यम म्हणून पाहण्याची आपल्याला सवय आहे. २०१९ च्या दहावीत राज्य मंडळाने भाषांचे तोंडीचे २० गुण काढून टाकले होते. निकाल ७७.१० टक्क्यांवर घसरला आणि पुढच्या वर्षी ते गुण परत आले. ओरड झाली ती निकालाची. मूल खरोखर बोलते का, हा प्रश्न आम्हाला तरी त्या गदारोळात फारसा ऐकू आला नाही. असो.

सर्वांत उपयोगी साधन प्रत्येक फोनमध्ये आधीपासून असते, ते म्हणजे आवाज रेकॉर्ड करण्याची सोय. तिला ना पैसे लागतात, ना इंटरनेट. भाषण पाठ करू नका. पाठांतरात एक शब्द निसटला की पुढचे सगळे कोसळते. कागदावर फक्त पाच मुद्दे लिहा, ते पाहून बोला आणि रेकॉर्ड करा. मग ऐका. पहिल्यांदा स्वतःचाच आवाज नकोसा वाटतो, तो सर्वांनाच वाटतो. किती वेळा 'अं' आले, किती वेळा 'अॅक्च्युअली' आले, वाक्याचा शेवट कुठे गिळला गेला, हे पेन्सिलने टिपून घ्या. सावकाश, समजेल असे बोलणारा माणूस मिनिटाला साधारण १२० ते १५० शब्द बोलतो. म्हणजे पाच मिनिटांच्या सेमिनारला सहा-सातशे शब्द पुरेत. मुले दुप्पट लिहून नेतात आणि मग धावत सुटतात.

याच्या जोडीला एक जुनी रीत आहे. कीथ मॉरिस यांनी ती १९८३ मध्ये मांडली आणि भाषाशिक्षणतज्ज्ञ पॉल नेशन यांनी १९८९ मध्ये तिच्यावर लिहिले. तेच भाषण आधी चार मिनिटांत, मग तीन मिनिटांत, मग दोन मिनिटांत सांगायचे, आणि दर वेळी ऐकणारा नवा घ्यायचा. तिसऱ्या खेपेला शब्द शोधावे लागत नाहीत, जीभ मोकळी होते. ऐकायला कुणी नसेल तर फोन आहे. त्यातच घड्याळही आहे.

उच्चारांसाठी अँड्रॉइड फोनवर 'लाइव्ह ट्रान्सक्राइब' हे गुगलचे अॅप उपयोगी पडते. २०१९ मध्ये ते कर्णबधिरांसाठी काढले गेले. समोरचा बोलतो ते पडद्यावर अक्षरांत उमटते. भाषा 'इंग्रजी (भारत)' ठेवा, भाषणातली चार वाक्ये बोला आणि काय उमटते ते पाहा. आपल्याकडे 'वेस्ट' म्हणजे पश्चिम आणि 'वेस्ट' म्हणजे बनियन, दोन्ही एकाच 'व'ने बोलतात. इंग्रजीत हे दोन 'व' वेगळे आहेत. 'फोटोग्राफ' म्हणताना जोर पहिल्या अक्षरावर येतो, 'फोटोग्राफी' म्हणताना दुसऱ्यावर. मराठीत असा जोर नसल्याने आपण सगळी अक्षरे एका मापाने बोलतो आणि ऐकणाऱ्याला शब्द चटकन सापडत नाही. 'एल्सा स्पीक'सारखी अॅप अशा चुका दाखवून गुण देतात, पण त्यांचा बराचसा भाग पैसे भरल्यावरच उघडतो. सात दिवस फुकट म्हणून खात्याची परवानगी दिली की आठव्या दिवशी वर्षाची रक्कम कापली जाऊ शकते. पालकहो, तेवढे बघा.

मशीनच्या गुणांनी मात्र खचू नका. अमेरिकेत २०२० मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी पाच मोठ्या कंपन्यांची आवाज ओळखणारी यंत्रणा तपासली. गोऱ्या माणसांच्या बोलण्यात शंभर शब्दांमागे सरासरी १९ चुका झाल्या, काळ्या माणसांच्या बोलण्यात ३५. ही माणसे तिथलीच, इंग्रजी त्यांची जन्मभाषा. ज्यांचे बोलणे मशीनला पुरेसे ऐकवलेलेच नाही, त्यांचे बोलणे ते चुकीचे ठरवते. आपल्या मुलांच्या आवाजात गाव आहे, वस्ती आहे, ती राहू द्या. ऐकणाऱ्याला समजले की पुरे, विलायती ढब आणण्याचे कारण नाही.

चॅटजीपीटी, जेमिनी यांच्याशी आता तोंडी बोलता येते. त्यांच्याकडून भाषण लिहून घेण्यात आम्हाला शहाणपण दिसत नाही. जो शब्द आपला नाही त्यावर परीक्षकाने प्रश्न विचारला की पंचाईत होते. आपले भाषण आपण ऐकवावे आणि 'आता मला यावर पाच अवघड प्रश्न विचार' असे सांगावे. ते काम ही अॅप चांगले करतात. माहिती मात्र चुकीचीही ठोकून देतात, तेव्हा पुस्तकाशी ताडून घ्या. नाव, पत्ता, आधार क्रमांक त्यांना सांगू नका.

आणि भगिनींनो, इंग्रजी येत नाही म्हणून तुम्ही बाजूला सरू नका. लेक मान वर करून बोलते का, हात कुठे ठेवते, आवाज चुलीपाशी पोहोचतो का, हे मोबाईलपेक्षा तुम्हाला जास्त कळते. दहा बाय बाराच्या खोलीत टीव्ही रात्री अर्धा तास बंद ठेवणे तुमच्याच हातात आहे. जागा अगदीच नसेल तर अभ्यासिका सुटल्यावर विहाराची ओसरी मिळते का ते विचारा. पाच-सहा मुलांनी एक फोन मध्ये ठेवून पाळीपाळीने बोलावे, एकाने वेळ धरावी, बाकीच्यांनी प्रश्न विचारावेत.