पाळण्यातून अंथरुणावर

बारशाच्या दिवशी बाळाला थाटाने पाळण्यात घालतात. त्याला त्यातून बाहेर काढण्याचा मात्र कोणताच विधी नाही. मूल पालथे पडू किंवा हात-गुडघ्यांवर उठू लागले की झुलता पाळणा सोडून त्याला कठड्याच्या खाटेवर निजवावे. पुढे त्याची उंची सुमारे ९० सेंटीमीटर झाली, किंवा ते कठड्यावर पाय टाकू लागले, की तीही खाट धोक्याची ठरते. कारण लहान मुलाचे डोके शरीराच्या मानाने जड असते आणि पडताना बहुधा तेच आपटते.

अशा वेळी जमिनीवरची गादी बरी. पलंगच हवा असेल तर तो बुटका असावा, आणि गादी व भिंत यांमध्ये मूल अडकेल अशी फट राहू नये. जिन्याचे दारही रात्री लावून घ्यावे.

घरात दुसरे बाळ येणार असेल, तर हा बदल काही महिने आधीच उरकणे इष्ट. एरवी धाकट्याने आपली जागा घेतली, अशी खंत थोरल्याच्या कोवळ्या मनात घर करते. पांघरायला जुनीच गोधडी द्यावी. निजण्याची वेळही बदलू नये. मूल रात्री उठून आले, तर रागे न भरता त्याला हळूच परत नेऊन निजवावे. जागा बदलली तरी माया तीच आहे, हे उमगले की ते निर्धास्त झोपते.