बॅकअपची खरी परीक्षा फाइल परत मिळवताना. हार्ड डिस्क आणि सॉफ्टवेअर निवडताना काय पाहावे?

नवी दिल्ली : घरातील संगणक बिघडला तर तो दुरुस्त करता येतो किंवा नवा घेता येतो. त्यातील कौटुंबिक छायाचित्रे, जमिनीच्या कागदपत्रांच्या स्कॅन केलेल्या प्रती, जुनी विवरणपत्रे आणि मुलांचे प्रकल्प यांची दुसरी प्रत नसेल, तर ती मात्र कोणत्याही दुकानात मिळत नाहीत. अलीकडच्या अनेक लॅपटॉपमध्ये साठवणुकीची चिप थेट मदरबोर्डवर बसवलेली असते. अशा यंत्राचा मदरबोर्ड निकामी झाला, तर आतील माहिती काढून दुसऱ्या यंत्रात जोडण्याचा मार्गही बहुधा बंद होतो.

विंडोज १० या प्रणालीला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारे नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. त्यामुळे अनेक घरांत संगणक बदलण्याचा किंवा नवी प्रणाली बसवण्याचा विचार सुरू आहे. फाइली हरवण्याचा धोका अशा स्थलांतराच्या वेळी वाढतो. म्हणूनच बाह्य हार्ड डिस्क आणि तिच्यासाठीचे सॉफ्टवेअर यांची निवड समजून करणे गरजेचे ठरते.

बॅकअप कशाला म्हणावे?

संगणकात जागा कमी पडू लागली की छायाचित्रे बाह्य डिस्कवर हलवून मूळ प्रत पुसून टाकण्याची पद्धत सर्रास आढळते. याला बॅकअप म्हणता येत नाही, कारण प्रत एकच राहते आणि केवळ तिची जागा बदलते. ती डिस्क हातातून पडली, तर सारे संपते.

या क्षेत्रात '३-२-१' हा नियम प्रमाण मानला जातो. छायाचित्रकार पीटर क्रो यांच्यामुळे तो लोकप्रिय झाला. महत्त्वाच्या माहितीच्या तीन प्रती असाव्यात, त्या किमान दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांपैकी एक प्रत घराबाहेर असावी, असा त्याचा अर्थ आहे. संगणकातील मूळ फाइल ही पहिली प्रत, बाह्य डिस्कवरील दुसरी आणि क्लाउडवर किंवा अन्य गावी ठेवलेली तिसरी.

क्षमता किती घ्यावी?

जुन्या फाइलींच्या मागील आवृत्त्याही जपायच्या असल्याने डिस्कची क्षमता संगणकातील साठवणुकीच्या किमान दुप्पट असावी, असा सर्वसाधारण निकष आहे. ५१२ जीबीच्या लॅपटॉपसाठी १ टीबीची डिस्क पुरते. घरातील मोबाइलची छायाचित्रेही त्यातच ठेवायची असतील, तर २ टीबी सोयीची ठरते. १ टीबीची डिस्क विंडोजमध्ये सुमारे ९३१ जीबी इतकीच दिसते. यात फसवणूक नसते. उत्पादक हजाराच्या पटीत मोजतात आणि विंडोज १०२४ च्या पटीत, एवढाच हा फरक आहे.

फसवणूक होते ती वेगळ्या प्रकारे. अत्यल्प किमतीत १६ टीबी क्षमतेचा दावा करणाऱ्या काही उपकरणांत प्रत्यक्षात लहान मेमरी कार्ड बसवलेले असते. संगणकाला मोठी जागा दिसते. मात्र ठरावीक मर्यादेपुढे लिहिलेली माहिती नष्ट होते आणि ते कळते फाइल उघडताना. म्हणून पावतीसह, अधिकृत विक्रेत्याकडून खरेदी करावी आणि परत करण्याची मुदत संपण्यापूर्वी 'एच२टेस्टडब्ल्यू'सारख्या मोफत साधनाने पूर्ण क्षमता तपासून घ्यावी.

हार्ड डिस्क की एसएसडी?

पारंपरिक हार्ड डिस्कमध्ये चकत्या फिरतात. तेवढ्याच किमतीत त्यात अधिक जागा मिळते, मात्र धक्का तिला सोसत नाही. अडीच इंची डिस्क यूएसबी केबलमधूनच वीज घेते. साडेतीन इंचीला वेगळा अडॅप्टर लागतो आणि लिहिणे सुरू असताना वीज गेली, तर नोंदी बिघडू शकतात. वारंवार वीज खंडित होणाऱ्या भागात डेस्कटॉप संगणकाला यूपीएस जोडून मगच बॅकअप घ्यावा.

एसएसडीमध्ये फिरणारा भाग नसतो. ती वेगवान आणि प्रवासात टिकाऊ असते, पण महाग पडते. शिवाय वीजपुरवठ्याविना वर्षानुवर्षे कपाटात ठेवण्यासाठी ती योग्य मानली जात नाही. सतत फिरतीवर असणाऱ्यांनी एसएसडी आणि घरात एका जागी बॅकअप ठेवणाऱ्यांनी हार्ड डिस्क निवडावी, हे बहुतेकांसाठी व्यवहार्य ठरते.

डिस्क आणि संगणकाचा पोर्ट हे दोन्ही यूएसबी ३ चे असावेत. प्रतिसेकंद १०० एमबी वेग मिळाला, तर ५०० जीबी माहिती उतरण्यास सुमारे दीड तास लागतो. जुन्या यूएसबी २ पोर्टवर हेच काम चार तासांवर जाते. लहान फाइलींची संख्या मोठी असल्यास वेळ आणखी वाढतो. वॉरंटीत बिघडलेली डिस्क बदलून मिळते, पण आतील माहितीची हमी त्यात नसते.

सॉफ्टवेअरची निवड

बहुतेक घरांसाठी प्रणालीसोबत येणारी सोय पुरेशी आहे. विंडोजच्या कंट्रोल पॅनलमध्ये 'फाइल हिस्टरी' आहे. ती सुरू केल्यावर डिस्क जोडलेली असताना दर तासाला बदललेल्या फाइलींची प्रत घेतली जाते आणि जुन्या आवृत्त्याही राखल्या जातात. ॲपलच्या संगणकांतील 'टाइम मशिन' मागील २४ तासांच्या तासागणिक, महिनाभराच्या रोजच्या आणि त्यापूर्वीच्या आठवड्यागणिक प्रती ठेवते. जागा भरली की सर्वांत जुनी प्रत काढून टाकते. लिनक्सवर 'देजा डुप' हे सोपे साधन उपलब्ध आहे.

संपूर्ण प्रणालीची, म्हणजे बसवलेल्या प्रोग्रामांसह सर्व काही जसेच्या तसे घेतलेली प्रत हवी असल्यास 'व्हीम एजंट'ची मोफत आवृत्ती किंवा 'क्लोनझिला' वापरता येते. अशा वेळी संगणक सुरूच होत नसेल तर उपयोगी पडणारा पेनड्राइव्ह आधीच तयार करून ठेवावा लागतो.

सिंक आणि बॅकअप यांतील फरकही ध्यानात घ्यावा. वनड्राइव्ह किंवा गूगल ड्राइव्हवर सिंक केलेली फाइल संगणकातून पुसली, की ती क्लाउडवरूनही हटते. कचरापेटीत ती साधारण ३० दिवस राहते, पुढे नाही. मोफत जागाही मर्यादित असून वनड्राइव्हवर ती ५ जीबी आणि गूगलवर १५ जीबी आहे. २० एमबीपीएस अपलोड वेगाने ५०० जीबी चढवण्यास सुमारे ५५ तास लागतात. त्यामुळे मोजकी, अमूल्य कागदपत्रे क्लाउडवर आणि सगळा संग्रह डिस्कवर, ही विभागणी सोयीची ठरते.

काय सुटून जाते?

'फाइल हिस्टरी' दस्तऐवज, छायाचित्रे, डेस्कटॉप अशी ठरावीक ठिकाणेच पाहते. 'डी' ड्राइव्हवर स्वतः तयार केलेले फोल्डर किंवा हिशेबाच्या प्रोग्रामचा डेटा त्यातून सुटू शकतो. मराठी, हिंदीसह भारतीय भाषांत काम करणाऱ्यांसाठी आणखी एक बाब महत्त्वाची आहे. युनिकोडपूर्व काळात श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये टंकलिखित केलेला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर निरर्थक चिन्हांच्या रूपात दिसतो. अशा फाइलींसोबत फॉन्टचीही प्रत घ्यावी. शक्य तेथे मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून ठेवावा.

डिस्क काढून ठेवणे का आवश्यक?

मे २०१७ मध्ये जगभर पसरलेल्या 'वॉनाक्राय' या खंडणीखोर सॉफ्टवेअरने संगणकातील आणि त्याला जोडलेल्या ड्राइव्हवरील फाइलीही कुलूपबंद केल्या होत्या. कायम जोडून ठेवलेली बॅकअप डिस्क अशा हल्ल्यात मूळ फाइलींसोबतच जाते. केंद्र सरकारच्या 'सर्ट-इन' या सायबर सुरक्षा यंत्रणेनेही बॅकअप ऑफलाइन ठेवण्याचा सल्ला वेळोवेळी दिला आहे. आठवड्यातून एकदा डिस्क जोडावी, बॅकअप पूर्ण होऊ द्यावा, 'इजेक्ट' करून ती काढावी आणि कोरड्या जागी ठेवावी. पावसाळ्यात दमट हवेच्या भागात डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवल्यास ओलावा कमी राहतो.

घराबाहेरील प्रतीचे महत्त्व पुराच्या वेळी कळते. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. अशा वेळी तळमजल्यावरील संगणक आणि त्याच टेबलाच्या खणातील डिस्क या दोन्हींवर एकाच वेळी पाणी येऊ शकते. दुसरी डिस्क अन्य शहरातील नातेवाइकांकडे ठेवून सणासुदीला जाताना बदलून आणणे, हा कमी खर्चाचा उपाय आहे.

घराबाहेर जाणाऱ्या डिस्कला पासवर्डचे कवच हवे. टाइम मशिनमध्ये ही सोय आहे, विंडोजच्या प्रो आवृत्तीत 'बिटलॉकर' आहे, तर होम आवृत्तीसाठी 'व्हेराक्रिप्ट' मोफत मिळते. पासवर्ड विसरल्यास या डिस्क कोणालाही उघडता येत नाहीत. म्हणून तो आणि रिकव्हरी की असल्यास तीही कागदावर लिहून घरातील अन्य महत्त्वाच्या कागदपत्रांसोबत, पण डिस्कपासून वेगळी ठेवावी. घरातील आणखी एका व्यक्तीला ती जागा माहीत असावी.

चाचणी

बॅकअप 'यशस्वी' झाल्याचा संदेश म्हणजे फाइल परत मिळण्याची हमी नव्हे. दर तीन महिन्यांनी डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडून एखादे जुने छायाचित्र, एक कागदपत्र आणि एक चित्रफीत परत मिळवून उघडून पाहावी. 'क्रिस्टलडिस्कइन्फो'सारख्या मोफत साधनाने डिस्कची प्रकृतीही तपासता येते. खडखडाट ऐकू येणे, डिस्क मध्येच दिसेनाशी होणे किंवा वेग अचानक घटणे ही धोक्याची चिन्हे आहेत. तशी डिस्क पुन्हा पुन्हा चालू करून न पाहता, संगणकातील मूळ फाइलींवरून नव्या डिस्कवर ताबडतोब प्रत घ्यावी. जुना संगणक विकण्यापूर्वी किंवा नवी प्रणाली बसवण्यापूर्वी तर ही चाचणी पार पडल्याशिवाय कोणतीही फाइल पुसू नये.