‘फायनल नक्की’चा गठ्ठा

सप्टेंबर उजाडला की माझ्या डीटीपीच्या टेबलावर तीन-चार दिवाळी अंक एकदम येऊन पडतात. मजकूर, जाहिराती, फोटो, फॉन्ट सगळं एका फोल्डरात कोंबायचं, दाबायचं आणि छापखान्यात पाठवायचं. दाबायला दोन हत्यारं: साधी झिप आणि इगोर पावलोव्ह यांची फुकट मिळणारी सेवन-झिप.

झिप चटपटीत. फिल कॅट्झ यांनी ती 1989 मध्ये आणली. मजकुराचा एखादा तुकडा पुन्हा आला, की तो न लिहिता ‘इतकं मागे जा, तिथून एवढं उचल’ अशी खूण ती करून ठेवते. पण तिला मागचं आठवतं फक्त 32 केबी. युनिकोडच्या नेहमीच्या यूटीएफ-8 साठवणीत देवनागरीचं एकेक अक्षर, एकेक मात्रा तीन-तीन बाइट खाते. म्हणजे जेमतेम अकरा हजार चिन्हं मागे गेलं की संपलं. शिवाय झिप प्रत्येक फाइल सुटी दाबते. आमच्याकडे एकाच लेखाच्या ‘फायनल’, ‘फायनल 2’ आणि ‘फायनल नक्की’ अशा तीन फाइली असतात. (‘नक्की’नंतरही एक येतेच.) झिपला त्या तिघी बहिणी आहेत हे कळतच नाही.

सेवन-झिपला कळतं. ती फाइली एकापुढे एक जोडते आणि तिला कित्येक एमबी मागचं आठवतं. गठ्ठा चांगलाच लहान होतो. पण ‘अल्ट्रा’ लावलं तर तोवर चहा करून, पिऊन, कप विसळून होतो. पुढे त्यातली शेवटची एकच फाइल हवी असली, तरी तिला आधीच्या उलगडत यावं लागतं.

फोटोंपुढे दोघीही हात टेकतात. जेपेग मुळातच दाबलेलं असतं, पिळलेलं फडकं आणखी किती पिळणार? फोटोंना मी ‘स्टोअर’ लावते: दाबायचं नाही, नुसतं बांधायचं.

गेल्या वर्षी रात्री अकराला सेवन-झिपचा गठ्ठा पाठवून मी खुशीत झोपले. साडेअकराला फोन. “ताई, हे उघडत नाही हो. नुसता पांढरा कागद दिसतोय.” छापखान्याच्या जुन्या मशीनवर सेवन-झिप नव्हती, आणि नवीन काही टाकायचा पासवर्ड मालकाकडे. मालक गावाला.

उठले, सगळं झिप केलं, पुन्हा चढवलं. पाऊण वाजला.

“आलं ताई. ‘फायनल नक्की’च छापायचं ना?”