लिव्हरचे रिपोर्ट आणि मनाची विचारपूस

सिरॉसिसचा रुग्ण तपासणीला आला की बोलणं ठरलेलं असतं : बिलिरुबिन किती, पोटात पाणी झालंय का, एंडोस्कोपी कधी करायची. थकवा येतो, झोप लागत नाही, अन्न जात नाही, असं त्याने सांगितलं तर 'लिव्हरमुळे होतंय' म्हणून विषय मिटतो. पुष्कळदा ते खरंही असतं. पण हीच लक्षणं नैराश्याचीही असतात.

यात मनाच्या कमकुवतपणाचा प्रश्न नाही. २०१३च्या अखेरीस सोफोसबुविर हे औषध येईपर्यंत हिपॅटायटिस 'सी'च्या उपचारांची भिस्त इंटरफेरॉनच्या इंजेक्शनांवर होती. हा कोर्स अनेकदा ४८ आठवडे चाले. तेवढ्या काळात चांगली हसतीखेळती माणसंही खिन्न होत, चिडत. काहींच्या मनात आत्महत्येचे विचार येत. इंटरफेरॉन आपलं शरीर स्वतःही बनवतं. दाहाशी संबंधित अशी रसायनं मेंदूवर परिणाम करतात, आणि यकृताच्या जुनाट आजारात हा दाह सतत धुमसत राहतो.

त्यात लोकांच्या नजरा. उभ्या जन्मात दारूला न शिवलेल्या, फॅटी लिव्हर किंवा हिपॅटायटिस 'बी' असलेल्या माणसालाही 'पीत होता का?' हे ऐकावं लागतं. जो पीत होता, तो अपराधीपणाने मिटून जातो.

घरच्यांना फरक ओळखता येतो. 'भजनाला जायची ताकद नाही हो, पण जावंसं वाटतं' असं म्हणणारा बहुधा थकलेला असतो. 'कशाला जायचं?' हे दोन आठवडे रोज ऐकू आलं, तर डॉक्टरांना सांगायला हवं.

मात्र रुग्ण दिवसा पेंगतो, रात्री टक्क जागा असतो, सही वेडीवाकडी होते, हात पुढे धरले की पंजे फडफडतात, अशी चिन्हं दिसली तर तो वेगळा आणि तातडीचा प्रकार असू शकतो. यकृताला न काढता आलेला अमोनिया मेंदूवर परिणाम करतो. त्यावर लॅक्टुलोजसारखी औषधं आहेत.

नैराश्यावरही उपचार आहेत. समुपदेशनाने फरक पडतो, सर्ट्रालिनसारखी औषधं कमी डोसात देता येतात. ड्युलोक्सेटिन मात्र या रुग्णांना देणं टाळतात. झोपेची गोळी मनाने घेणं तर धोक्याचंच, कारण तिने गुंगी वाढून रुग्ण बेशुद्धही होऊ शकतो. म्हणून मानसोपचारतज्ज्ञांना लिव्हरचे रिपोर्ट दाखवावेत.

पुढच्या तपासणीला जाताना रुग्णाची झोप, भूक आणि उमेद यांबद्दल चार ओळी लिहून न्या. मध्येच आधार लागला तर 'टेलि-मानस'चा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे.