जुन्या स्पेक्ट्रमला मेमरी कार्ड

करमाळ्यात कुणाच्या पोटमाळ्यावर जाड काळा कीबोर्ड सापडला, तर तो भंगारात देण्याआधी नीट पाहा. पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने १९८६च्या सुमारास परवाना घेऊन बाजारात आणलेला ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ असू शकतो. कीबोर्डच्याच पोटात ४८ किलोबाइट मेमरीचा अख्खा संगणक! पडदा घरच्या टीव्हीचा, साठवण टेपरेकॉर्डरच्या कॅसेटवर. एक गेम चढायला चार-पाच मिनिटं लागत. मध्येच वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून.

आज कॅसेटची जागा एसडी कार्ड घेतं. डिव्हएमएमसी नावाची छोटी पाटी संगणकाच्या मागच्या खाचेत बसते आणि प्रोसेसर कोणता पत्ता वाचतोय यावर लक्ष ठेवते. टेप वाचण्याच्या आज्ञेचा पत्ता आला, की ती मूळ रॉम बाजूला सारून स्वतःची मेमरी पुढे करते. प्रोसेसर त्याच पत्त्यावरून पुढचं वाचत जातो, पण आता तिथे कार्ड वाचण्याच्या आज्ञा असतात. गेम क्षणात हजर! मूळ यंत्राला डाग द्यावा लागत नाही, म्हणून हा उपाय मला सर्वांत सुंदर वाटतो.

मात्र घाईने वीज जोडू नका. या संगणकाला ९ व्होल्ट लागतात आणि पिनचा मधला भाग ऋण असतो. आजच्या बहुतेक अडॅप्टरांत तो धन असतो. उलटी वीज गेली तर आतले भाग जळू शकतात. आधी मल्टिमीटर लावा.