फाशांवर खेळणारा होनस वॅग्नर

स्ट्रॅट-ओ-मॅटिक या अमेरिकी बेसबॉलच्या बैठ्या खेळात होनस वॅग्नर हे एक साधे कार्ड आहे. त्यावर त्याचे चित्र नाही. वर नाव, खाली तीन स्तंभ, आणि प्रत्येक स्तंभात २ ते १२ अशा अकरा ओळी. वॅग्नरचे दुसरे एक कार्ड जगप्रसिद्ध आहे. सिगारेटच्या पाकिटातून १९०९च्या सुमारास वाटले गेलेले ते रंगीत चित्र २०२२ मध्ये साडेबाहत्तर लाख डॉलरना विकले गेले. त्या कार्डाची किंमत दुर्मीळपणाची आहे. खेळातले कार्ड मात्र वॅग्नर कसा खेळत होता हे सांगते, आणि म्हणून अधिक मोलाचे आहे.

वॅग्नर १८९७ ते १९१७ या काळात नॅशनल लीग या अमेरिकी बेसबॉल स्पर्धेत खेळला, त्यातला बहुतेक काळ पिट्सबर्ग पायरेट्सकडून. तो शॉर्टस्टॉप होता, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधली जागा राखणारा. लीगमध्ये फलंदाजीची सर्वाधिक सरासरी त्याने आठ हंगामांत गाठली. १९३६ साली बेसबॉलच्या हॉल ऑफ फेमसाठी पहिले पाच खेळाडू निवडले गेले, त्यांत बेब रूथ आणि टाय कॉब यांच्याबरोबर तो होता.

हॅल रिचमनने हा खेळ १९६१ मध्ये बाजारात आणला. त्यात एक पांढरा आणि दोन लाल फासे एकदम टाकतात. पांढऱ्यावर १, २ किंवा ३ पडले तर फलंदाजाच्या कार्डावरचा त्या क्रमांकाचा स्तंभ पाहायचा. ४, ५ किंवा ६ पडले तर चेंडू टाकणाऱ्या पिचरच्या कार्डावरचा. लाल फाशांची बेरीज ओळ ठरवते. बेरीज ७ सहा प्रकारांनी येते, २ किंवा १२ मात्र एकाच प्रकाराने. त्यामुळे ७च्या ओळीत हिट (फटका मारून बेस गाठणे) लिहिणे आणि १२च्या ओळीत लिहिणे यांत सहापटीचा फरक पडतो. कार्ड बनवणाऱ्याचे सारे कसब या मांडणीत आहे. तेवढ्यानेही प्रमाण नेमके जुळले नाही, तर एकाच ओळीत दोन निकाल देतात आणि त्यांतला कोणता लागू हे १ ते २० मधल्या आकड्यावर सोडतात.

वॅग्नरचा १९०८चा हंगाम घेतला की हे गणित उलगडते. त्या वर्षी ५६८ अधिकृत फलंदाजींत त्याने २०१ हिट मारले, सरासरी .३५४, म्हणजे हजारी ३५४. पण निम्मे निकाल पिचरच्या कार्डावरून येतात, आणि त्या वर्षी लीगची सरासरी जेमतेम .२३९ होती. समोर सर्वसाधारण पिचर धरला, तर त्याच्या कार्डावर शंभरात २४ हिट निघतील. दोन्ही मिळून ३५ यायचे, तर वॅग्नरच्या कार्डावर शंभरात ४७च्या आसपास हिट असावे लागतात. १९३० साली लीगची सरासरी .३०३ होती. तेव्हा .३५४ मारणाऱ्याला स्वतःच्या कार्डावर ४१ पुरले असते. आकडा तोच, पण १९०८ मध्ये तो गाठणारा कितीतरी मोठा फलंदाज. छापील आकडेवारीत हा फरक दिसत नाही. कार्डावर तो मोजता येतो.

१९०८ मध्ये वॅग्नरने दहाच होम रन मारले. पण तो काळ मऊ, मळक्या, सामनाभर वापरल्या जाणाऱ्या चेंडूचा होता, आणि लीगमधला सर्वाधिक आकडा होता बारा. तेव्हाची ताकद डबल आणि ट्रिपलमध्ये, म्हणजे दोन आणि तीन बेसच्या फटक्यांत, दिसायची: वॅग्नरचे ३९ आणि १९, दोन्ही लीगमध्ये सर्वाधिक. कार्डावर होम रनची जागा अरुंद आणि ट्रिपलची त्याहून रुंद येते, ती यामुळे.

फलंदाजीपलीकडच्या गोष्टी वेगळ्या नोंदवतात. क्षेत्ररक्षणाला १ ते ५ असा दर्जा असतो, १ सर्वांत चांगला. चुकांचा आकडा त्याच्याशेजारी निराळा. जुन्या खेळाडूंसाठी ही विभागणी फार न्याय्य आहे. त्या काळचे हातमोजे लहान, मैदाने खडबडीत, त्यामुळे उत्तम क्षेत्ररक्षकाच्या नावावरही चुका भरपूर असत. धावण्याचे आणि बेस चोरण्याचे आकडेही स्वतंत्र असतात. वॅग्नरने १९०८च्या हंगामात ५३ बेस चोरले होते.

अडचण येते ती नोंदींची. नॅशनल लीगने फलंदाज किती वेळा स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकनंतर बाद) झाला हे १९१०पासून अधिकृतपणे नोंदवले. त्याआधीच्या हंगामाचे कार्ड करताना तिथे अंदाजच बांधावा लागतो.

अशा कार्डांचे खरे चाहते अख्खा हंगाम पुन्हा खेळतात. १९०८ त्यांचा आवडता असण्यासारखाच आहे: शिकागो कब्सने ९९ सामने जिंकून लीगमध्ये बाजी मारली, पायरेट्स आणि न्यूयॉर्क जायंट्स ९८वर राहिले. फाशांवर ती एका सामन्याची उणीव भरून निघू शकते. वॅग्नरची सरासरीही दरवेळी .३५४ येत नाही. ५६८ संधींमध्ये निव्वळ नशिबाने वीस हजारांशांचा चढउतार सहज होतो, त्यामुळे एखाद्या हंगामात तो .३३४ वर थांबतो आणि पुढच्यात .३७४ पर्यंत जातो.